निळी फुली

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही डायरी एका रंगवाल्याने नव्या वर्षाची भेट म्हणून दिलेली. महिनाभर तिच्यात मातीच्या मिश्रणाची प्रमाणं सोडून काही लिहिलं नाही. आज लिहायला बसलो, कारण आजची गोष्ट कारखान्यात बोललो तर माणसं घाबरतील, आणि घरी बोललो तर बायको म्हणेल, "आधी जेवून घ्या."

सकाळी भट्टी उघडली. कप दिसायला देखणे. झिलई अशी की तीत बघून भांग पाडावा. वाजवणीच्या खोलीत फळ्यांवर मांडले आणि नेहमीसारखा काडी घेऊन बसलो. डाव्या हाताच्या बोटांवर कप उपडा धरायचा आणि कडेवर काडीने हलकी टिचकी मारायची. पक्का भाजलेला, धडधाकट कप खणकन बोलतो आणि जरा वेळ बोलतच राहतो. कच्चा राहिला असेल किंवा अंगात केसाएवढी भेग असेल तर बद्द वाजतो. अशा कपाच्या तळाला निळ्या पेन्सिलीने फुली मारायची आणि मागच्या ढिगावर टाकायचा. ढीग पुढे चक्कीत दळून पुन्हा मातीत जातो.

आमच्याकडचा एकही कप माझ्या कानाखालून गेल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही. दुसऱ्याच्या कारखान्यात चाकावर बसायचो तेव्हा मालकाने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली ती या कानामुळे. पुढे स्वतःची भट्टी घातली तीही याच्याच जिवावर. पाठीमागे मला सगळे 'कान' म्हणतात. मला माहीत आहे, कारण मला ऐकू येतं.

आज निम्म्याहून जास्त कप बद्द.

पुन्हा वाजवले. पुन्हा बद्द. सूनबाई शेजारच्या खोलीत खोकी बांधत होती. तिने दारातून एकदा डोकावून पाहिलं आणि गेली. माल द्यायचाय मोठ्या रुग्णालयाच्या उपाहारगृहाला, मार्चअखेर. मुलगा फिरतीवर असतो, त्याने चपला झिजवून मिळवलेली ऑर्डर आहे. हॉटेलात कप फुटला तर गिऱ्हाईक शिव्या देऊन दुसरा मागतं. इथे आजारी माणसाच्या हातात कढत चहाचा कप दुभंगला तर मी रात्री डोळा मिटू शकणार नाही. तेव्हा यात 'चालून जाईल' हा शब्द नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मातीवाल्याला बोलावून घेतला. म्हटलं, "मातीत काय कालवलंस?"

"शेठ, माती तीच, खाण तीच. ट्रकला नवीन रंग दिलाय, तेवढाच काय तो बदल."

"मग कप बद्द का वाजतात?"

"ते मी कसं सांगू? मी माती विकतो, गाणं नाही विकत."

माणूस तोंडाळ आहे, पण लबाड नाही. तरी मी दुसऱ्या खाणीची माती मागवली.

घरी किटली जळाली. मी तिच्याशेजारीच पेपर वाचत बसलो होतो. पाणी आटून बुड काळं होईपर्यंत शिट्टी काही वाजली नाही. बायको अंघोळ अर्धी टाकून, ओल्या केसांनी धावत आली आणि गॅस बंद केला. मी म्हटलं, "आजकाल कशालाच दम राहिला नाही. साधी शिट्टी धड वाजत नाही. परत करून ये."

तिने काळी किटली उचलून नळाखाली धरली. मग काहीतरी पुटपुटली. तिची ही सवय नवीन आहे. चाळीस वर्षं खणखणीत भांडली, आणि आता म्हातारपणी तोंडातल्या तोंडात बोलायला शिकली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

नव्या मातीचा पहिला घाणा. तोही बद्द. म्हणजे माती निर्दोष. उरली भट्टी.

भट्टी म्हणजे थंडोबा. त्याचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते त्याची बायकोसुद्धा वापरत नसावी. ढणढणत्या भट्टीसमोर उभा राहूनही हा माणूस कधी तापत नाही, म्हणून थंडोबा. आम्ही एकाच मालकाकडे होतो. मी चाकावर, तो जाळावर. मी बाहेर पडलो तेव्हा माझ्यामागून एवढा एकच माणूस आला. चारचौघांत मला शेठ म्हणतो. कुणी नसलं की लेका म्हणतो.

आज मी त्याला म्हटलं, "कच्चं काढतोयस तू."

तो आत गेला आणि भट्टीतले शंकू घेऊन आला. हे बोटाएवढे मातीचे शंकू मालासोबत भट्टीत ठेवतात. पुरेसा ताप लागला की ते मान टाकतात. त्याचे शंकू सासरी निघालेल्या पोरीसारखे छान वाकलेले होते.

"हे बघ. आणि हे बघून समाधान नसेल तर जीभ लाव."

त्याने फुली मारलेला एक कप जमिनीवर आपटला आणि तुकडा माझ्या हातात दिला. कच्च्या भाजणीच्या मोडलेल्या कडेला जीभ लावली की ती चिकटते, कारण माती थुंकी शोषते. पक्क्याला चिकटत नाही. मी जीभ लावली. नाही चिकटली.

जीभ सांगते पक्का, कान सांगतो कच्चा. मी कानाचं ऐकलं. जीभ काय, तिखटाने फसते, चहाने भाजते. कान मला आजवर खोटं बोललेला नाही.

"ताप वाढव," मी म्हटलं.

"बशा वाकतील."

"वाकू देत. कप तरी बोलतील."

थंडोबाने शंकू खिशात टाकले. मग म्हणाला, "बरं शेठ." खोलीत आम्ही दोघंच होतो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

बशा वाकल्या. टेबलावर ठेवली की एकेक बशी डुलते, जणू पिऊन आली आहे. आणि कप बद्दच. उलट आज आधीपेक्षा जास्त फुल्या मारल्या. पेन्सिल संपत आली.

ढीग खिडकीच्या गजांपर्यंत पोचलाय. पूर्वी महिन्यातून एकदा चक्की लावायचो. आता दर आठवड्याला लावतो आणि तरी तो उतरत नाही. चक्कीत कप पडताना बघवत नाही. एकेका कपाला सहा माणसांचे हात लागलेले असतात.

थंडोबा वाकड्या बशांपाशी उभा होता. मला वाटलं, आता बोलेल, "सांगितलं होतं ना." बोलला नाही. त्याने बोलायला हवं होतं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

कारखान्यात काहीतरी शिजतंय. मी आत गेलो की बोलणी थांबतात. आणि चालू असतात तेव्हाही सगळे शब्द चावून बोलतात, विशेषतः बायका. रंगकामाला बसणाऱ्या दोघीजणी तर आता नुसते ओठ हलवतात. पूर्वी त्यांचं हसणं फाटकापर्यंत यायचं. मी एवढा कडक कधी झालो? म्हणून आज मुद्दाम त्यांच्यात जाऊन एक जुना विनोद सांगितला. हसल्या. तोंडं उघडी दिसली, पण हसण्यात जीव नव्हता.

दुपारी सूनबाई आणि थंडोबा ढिगाजवळ उभे दिसले. तिच्या हातात फुली मारलेला कप होता. मला बघून तिने तो पदराआड केला. मी विचारलं, "काय चाललंय?" थंडोबा म्हणाला, "काही नाही, ढीग हलवायचा म्हणत होते." त्याचा आवाज जाड आहे, बरं वाटतं ऐकायला. सूनबाई काही बोलली, ते कळलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा मोकळी होती. आता सासऱ्याशी बोलताना कुजबुजते.

संध्याकाळी ती अगदी समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, एकदा तपासून घेऊ या का?"

मी म्हटलं, "काय तपासायचं राहिलंय? माती तपासली, ताप तपासला, शंकू तपासले, झिलई तपासली."

तिने माझ्या कानाकडे पाहिलं, मग चपलांकडे, आणि आत गेली.

आणखी एक. मागच्या अंगणातल्या झाडावर पहाटे पक्षी ओरडून जीव नकोसा करायचे. हल्ली नाहीत. झाड तर आहे तिथेच. कुठे गेले असतील?

शनिवार, १ मार्च

फाटकासमोर चहाची टपरी आहे. ती चालवणाऱ्या मावशी आमच्या ढिगावरचे कप उचलून नेतात हे मला आज कळलं. चहा प्यायला थांबलो तर कपाच्या तळाला निळी फुली.

"मावशी, हा नापास माल आहे. कुणाच्या हातात फुटला तर?"

"फुटला तर बरं होईल की शेठ. तेवढीच धुवायला सुटका."

"चेष्टा नाही करत मी."

"मीपण नाही करत. जानेवारीपासून तुमचेच नापास वापरतेय. उकळता चहा ओतते, गार पाण्यात बुचकळते, शाळेतली पोरं आपटतात. एक फुटेल तर शपथ. त्याआधी पैसे मोजून आणले होते ते सगळे गेले. माझं ऐकाल तर पास झालेले फेकून द्या आणि नापास विका."

टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो. बाई बोलायला फटकळ, पण व्यापारातलं तिला काय कळणार? फुटायचा तो कप एक दिवस फुटतोच, तो काही आधी कळवत नाही. मी तिला सगळे कप बदलून चांगले देतो म्हटलं. तिने नको म्हटलं.

मंगळवार, ४ मार्च

आज थंडोबाला घरी पाठवला.

लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच खोटं आठवायला नको. रुग्णालयाचा माल अर्धासुद्धा झालेला नाही. परवाच्या घाण्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे कप पास झाले. मी काडी टाकून भट्टीपाशी गेलो. सगळे जमले होते. मी म्हटलं, "थंडोबा, तुझं वय झालं. ताप तुझ्या हाताबाहेर चाललाय."

रंगकामवालीने हातातला ब्रश खाली ठेवला.

थंडोबा म्हणाला, "माझं?"

"मग कुणाचं?"

तो उत्तर द्यायला तोंड उघडेल असं वाटलं. सूनबाई पुढे झाली होती, तिचे ओठ हलत होते. त्याने हात आडवा करून तिला थांबवलं. मग मला म्हणाला, "माझंच असेल शेठ."

भट्टीच्या भोकातून आत बघायची त्याची निळी काच खुंटीला असते. ती त्याने शर्टाला पुसली, खिशात टाकली आणि निघाला. फाटकापर्यंत सावकाश चालला. मी हाक मारली नाही. त्याने मारली असेल तर मला ऐकू आली नाही.

बायकोने जेवायला वाढलं आणि स्वतः बसली नाही.

मंगळवार, ११ मार्च

नवा भट्टीवाला आठवडाभर काम करतोय. त्याच्याकडे तापमानाचं मीटर आहे, आकडे दाखवणारं. भट्टीच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही, मीटरकडे बघतो. म्हटलं, चला, आता तरी माणसाच्या वयाचा प्रश्न नाही.

आज त्याचा पहिला घाणा वाजवला. बद्द.

माती बदलली, ताप बदलला, माणूस बदलला. कप तेच बोलतो. तासभर काडी हातात धरून नुसता बसलो. मग माझा हात तपासला. कदाचित काडी जुनी झाली असेल. नवी काडी तासून घेतली. काडीचं काही नव्हतं.

माझ्या मनात एक विचार येऊन गेला तो लिहीत नाही.

संध्याकाळी टीव्हीवरून वाद झाला. बायको म्हणते भिंत हादरते, शेजारी येऊन सांगून गेले. मी म्हटलं, "शेजाऱ्यांचे कान नाजूक असतील."

सोमवार, १७ मार्च

मुलाचा फोन आला. त्याचा आवाज माझ्यावर गेलाय, जाड, फोनवर नीट कळतो. म्हणाला, "बाबा, रुग्णालयवाले खूश आहेत. माल वेळेआधी पोचला. त्यांनी वापरायलाही काढला."

मी म्हटलं, "कुठला माल?"

तो गडबडला. म्हणाला, "तुमचा फोन कट होतोय." आणि ठेवला. फोन कट वगैरे काही होत नव्हता. बापाला फसवायचं तर जरा तालीम तरी करावी.

मी पास केलेला माल तर अजून खोलीत आहे. मग गेलं काय? मागे जाऊन पाहिलं. ढीग पोखरलेला. वरवर फुटके तुकडे पसरून ठेवलेले आणि खालून अर्धा पोकळ.

घरी आलो. सूनबाई पीठ मळत होती. मी विचारलं, "ढिगावरचे कप तू पाठवलेस?"

तिने हात धुतले, पुसले, माझ्या तोंडासमोर येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून, लहान पोराला सांगावं तशी म्हणाली, "हो. मी पाठवले. प्रत्येक कप वाजवून पाठवला."

"मी फुली मारलेला?"

"फुली पुसून."

"कुणाच्या कानाने वाजवलास?"

"माझ्या."

मी फार ओरडलो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. माझं नाव कपाच्या तळाला छापलेलं असतं. त्या नावाखाली आजारी माणसाच्या हातात फुटका कप द्यायचा, तोही माझ्याच घरातून. सूनबाई रडली नाही. उलट सगळं बोलून होईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, आणि मग म्हणाली, "थंडोबाकाका म्हणाले होते बाबांना सांगू नकोस. मीच सांगायला हवं होतं."

बायको म्हणाली, "अहो, जाऊन बघून या." हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. ओरडूनच म्हणाली.

उद्या जाऊन सगळा माल परत आणणार. गाडी सांगितली आहे.

मंगळवार, १८ मार्च

गाडी रिकामी परत आली.

उपाहारगृह मोठं आहे. पांढऱ्या फरशा, लांब टेबलं, पेशंटांचे नातेवाईक, एका बाजूला परिचारिका. बाहेर गाडीवाल्याला म्हटलं, दहा मिनिटांत खोकी भरू. व्यवस्थापक जेवायला गेला होता, म्हणून चहा घेऊन बसलो. कप माझाच. उपडा करून बघायला आधी चहा संपवावा लागला. फुली पुसली होती, पण घाईत. निळ्याचा एक शेपटा कडेला राहिलेला.

बोटांवर उपडा धरला. काडी खिशात असतेच. टिचकी मारली.

बद्द.

बघा, मी मनात म्हटलं. आणि आणखी जोरात मारली, म्हणजे खात्रीच व्हावी.

तेवढ्यात समोरच्या टेबलावरची परिचारिका माझ्याकडे वळली. तिच्यामागे एक म्हातारा पेपर वाचत होता, त्याने पेपर खाली केला. पार टोकाला, दाराजवळ, एक लहान मुलगी आईच्या मांडीवर बसली होती. तिने मान वर केली, इकडेतिकडे शोधलं, मी सापडलो तशी हसली. मग समोरचा चमचा उचलून तिने आपल्या कपावर मारला आणि ओठांचा छोटा चंबू करून काहीतरी म्हणाली. तिचा आवाज माझ्यापर्यंत आला नाही. पण ओठ दिसले. टिंग.

मी पुन्हा मारली. पुन्हा सगळ्यांनी मान वळवली. बद्द वाजणाऱ्या कपाकडे कोण मान वळवून बघतं? बद्द आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत जात नाही.

सगळ्या खोलीला तो कप ऐकू येत होता. मला सोडून.

मी काडी खिशात ठेवली. पण ती नीट जाईना, दोनदा खाली पडली. परिचारिकेने उचलून दिली आणि काही विचारलं. मी नुसती मान हलवली. काय विचारलं ते मला माहीत नाही. किती दिवसांपासून मी अशी मान हलवतोय, तेही माहीत नाही.

व्यवस्थापक आला तेव्हा त्याला म्हटलं, माल कसा आहे ते बघायला आलो होतो. तो म्हणाला, उत्तम आहे. त्याच्या तोंडाकडे नीट बघत होतो, म्हणून कळलं.

बुधवार, १९ मार्च

थंडोबाच्या घरी गेलो. त्याची दोन खोल्यांची जागा आहे. दार उघडंच होतं. फळीवर कप ओळीने मांडलेले, सगळे उपडे, सगळ्यांच्या तळाला फुल्या. त्याच्या बायकोने त्यातल्याच एकात चहा दिला आणि उजेडात, ओठ दिसतील अशी माझ्यासमोर बसली. सगळ्यांना कुठे बसायचं ते माहीत होतं. मलाच माहीत नव्हतं.

मी विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक?"

"दिवाळखोर झालास तेव्हापासून," तो म्हणाला.

"मी कधी झालो दिवाळखोर?"

"झाला नाहीस. हे ऐकू येतंय का बघत होतो." मग म्हणाला, "गेल्या पावसाळ्यापासून. भट्टीपाशी उभा राहून मागून हाक मारायचो, तू वळायचा नाहीस. मला वाटलं, खराच शेठ झाला."

"मग बोलला का नाहीस, लेका?"

"बोललो. तुला ऐकू गेलं नाही."

त्याची बायको हसली. मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

"त्या दिवशी सगळ्यांसमोर," मी म्हटलं, "तू म्हणालास, माझंच असेल."

थंडोबाने कप खाली ठेवला. "तू भट्टीच्या नावाने ओरडत होतास तोवर रोज सकाळी कामावर येत होतास. कान गेला म्हटलं असतं तर घरी बसला असतास. तुला मी ओळखतो. भिंतीकडे तोंड करून बसला असतास आणि वर्षभरात आटपला असतास. म्हटलं, मला घरी बसवतोय तर बसवू दे. मला घरी बसता येतं."

मी माझ्या कपाच्या तळाची फुली अंगठ्याने चाचपली. तो पुढे म्हणाला,

"पण एक सांगतो. त्या वाकड्या बशा मी नाही काढल्या. तू ताप वाढवायला लावलास. लोक माझ्या नावाने हसतात. ते मला चालणार नाही. येईन मी परत, पण आधी तू सगळ्यांसमोर सांगायचं की भट्टी बरोबर होती."

"आणखी काही?"

"त्या मीटरवाल्याला काढू नकोस. पोर चांगलं आहे. त्याला भट्टीकडे बघायला शिकवतो."

सोमवार, २४ मार्च

सकाळी सगळ्यांना अंगणात बोलावलं. रात्रभर घोकलेलं भाषण आयत्या वेळी आठवेना. म्हणून एवढंच म्हटलं, "भट्टी बरोबर होती. माती बरोबर होती. थंडोबा बरोबर होता. बिघाड माझ्या कानात होता."

मग रंगकामवाली मोठ्याने म्हणाली, "शेठ, हळू बोला. आम्हाला ऐकू येतं."

या वेळी हसल्या तेव्हा मला त्यांचे खांदे हलताना दिसले. आवाजाचं म्हणाल तर थोडा आला. जाडसर होता तेवढा.

डॉक्टरकडे शुक्रवारी जायचंय. सूनबाई बरोबर येणार आहे. ती म्हणते यंत्र मिळतं, कानामागे लावायचं. कपाचा आवाज त्यात जसाच्या तसा येईल का, ते तिला ठाऊक नाही आणि मी विचारलं नाही.

काडी आज तिच्या हातात दिली. जुनी, नवी नाही. ती वाजवायला बसली आणि मी समोर, तिचा चेहरा दिसेल असा. कप बोलला की तिच्या चेहऱ्यावर काही होत नाही. बद्द निघाला की डावी भुवई किंचित वर जाते. माझीही तशीच वर जायची, बायको सांगते.

दुपारनंतर ओला फडका घेऊन ढिगावर बसलो. चक्कीत गेले ते गेले. त्यांचा हिशेब लावायला बसलो तर मी या डायरीत कधी दुसरं काही लिहिणार नाही. जे अजून अख्खे आहेत त्यांच्या तळाच्या फुल्या पुसत गेलो. निळी पेन्सिल नुसत्या पाण्याने धुतली तर राहते, पण ओल्या फडक्याने जोर लावून घासली की जाते. एकेक पुसून सूनबाईकडे देत होतो, ती वाजवून फळीवर मांडत होती. फळी भरली, दुसरी लावली. थंडोबा भट्टीच्या दारात उभा राहून निळी काच पुसत बघत होता. मदतीला आला नाही, ते बरं झालं.

संध्याकाळ व्हायच्या सुमाराला तिची भुवई वर गेली. तिने तो कप पुन्हा वाजवला, उजेडात धरला आणि मला दाखवला. दांडीच्या मुळाशी केसाएवढी भेग.

मी पेन्सिल काढून त्याच्या तळाला पुन्हा फुली मारली. सगळ्या ढिगात माझी बरोबर आलेली ती एकच.